ओळख पटणे आणि पटवणे

कॅरी स्टुअर्ट पार्क्स यांची ‘अ क्राय फ्रॉम द डस्ट’ ही कादंबरी २०१४ साली अमेरिकेत थॉमस नेल्सन या प्रकाशनाने काढली. तिच्यावर ‘ख्रिश्चन सस्पेन्स’ अशी पाटी आहे. नायिका फॉरेन्सिक आर्टिस्ट आहे. साक्षीदाराच्या आठवणीवरून संशयिताचे रेखाचित्र काढायचे आणि कवटीवरून मृत व्यक्तीचा चेहरा घडवायचा, हे तिचे काम. लेखिका स्वतः हेच काम करतात आणि नवऱ्यासोबत अमेरिका-कॅनडातल्या पोलिसांना ते शिकवतात. खुनाचा तपास, चित्रकला आणि धर्म या तीन गोष्टी एका पुस्तकात आल्या की त्यातली एखादी केवळ सजावटीपुरती उरते, असा सहसा अनुभव येतो. इथे तसे झालेले नाही. तिन्ही गोष्टी मनापासून आलेल्या आहेत, पण त्यांचे एकमेकींशी पटत नाही. ते का पटत नाही, याचा शोध घेण्यासारखा आहे. कारण त्या शोधात आपल्या भाषांतल्या कादंबरीच्याही काही जुन्या गोष्टी हाती लागतात.

आधी या पाटीबद्दल. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट समाजाने गेल्या अर्धशतकात स्वतःची वेगळी वाचनसृष्टी उभी केली. तिचे प्रकाशक वेगळे, दुकाने वेगळी, पुरस्कारही वेगळे. जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ने (१९७९) तिथे सोज्वळ प्रेमकथेचा रस्ता पाडला. फ्रँक पेरेटी यांनी ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’मध्ये (१९८६) देवदूत आणि सैतानी शक्तींचे युद्ध एका लहानशा गावात आणून ठेवले. १९९५ साली सुरू झालेल्या ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिकेने तर या समाजाबाहेरच्या प्रकाशकांनाही या वाचकाची दखल घ्यायला लावली. पार्क्स यांना कथालेखनाचे धडे पेरेटींकडूनच मिळाले. या दालनाचे काही संकेत ठरलेले आहेत. शिवीगाळ नसते, शय्यादृश्ये नसतात, हिंसा असते पण बेताची. आणि देवाशी सैल झालेली गाठ शेवटाकडे थोडी तरी घट्ट होते. या पुस्तकांची समीक्षाही बहुतेक दोन प्रकारे होते. घरातले वाचक श्रद्धेच्या मापाने मोजतात आणि बाहेरचे नाक मुरडतात. दोन्हींत पुस्तक वाचायचे राहून जाते.

कथेचा धागा असा. ग्वेन मार्सी मॉन्टानातल्या एका लहान गावात राहते. कर्करोगाच्या उपचारांतून ती नुकती उठली आहे, घटस्फोट झालेला आहे, घरात वयात येणारी मुलगी आहे आणि उत्पन्नाची शाश्वती नाही. १८५७ साली युटामध्ये झालेल्या एका कत्तलीतल्या बळींच्या कवट्या सापडल्या आहेत, आणि त्यांचे चेहरे घडवण्याचे काम तिच्याकडे आले आहे. हे काम चालू असताना एका कॉलेजविद्यार्थिनीचा, धार्मिक विधीच्या खुणा असलेला खून तिच्यासमोर येतो. मग कवट्यांचा भूतकाळ वर्तमानात घुसतो. जुन्या भविष्यवाणीची पूर्तता आणि जुन्या अन्यायांचा सूड यांसाठी झटणारी एक गुप्त संघटना ग्वेनच्या मागे लागते. पुढचा उलगडा मी सांगत नाही. रहस्यकथेच्या वाचकाचा तो हक्क आहे.

कादंबरीचे बळ आहे ते ग्वेनच्या हातात. पार्क्स यांनी चेहरे रेखाटण्यावर शिकवणीची पुस्तके लिहिली आहेत, आणि इथेही त्यांची नजर शिक्षकाची आहे. कवटीवरून चेहरा घडवण्याची अमेरिकी रीत थोडक्यात अशी. कवटीवर ठरलेल्या जागी रबराचे लहान तुकडे चिकटवतात. त्या त्या जागी त्वचा आणि मांस सरासरी किती जाड असते, यावरून प्रत्येक तुकड्याची लांबी ठरते. ही सरासरी वय, लिंग आणि वंश यांनुसार बदलते. मग त्या तुकड्यांच्या उंचीपर्यंत माती भरत जायचे. नाकाची रुंदी हाडातल्या पोकळीवरून काढायची, ओठांची दातांवरून. पण कानाची पाळी कशी होती, केस कसे वळवले होते, ओठ भरलेले होते की पातळ, हे हाड सांगत नाही. तिथे कलावंताला अंदाज करावा लागतो, आणि चांगला कलावंत तो अंदाज भडक होऊ देत नाही. केसांना फार वळण दिले, चेहऱ्यावर ठसठशीत भाव आणला, तर बघणारा त्या वळणालाच धरून बसतो आणि ज्याला ओळखायचे त्याला ओळखत नाही. १८९५ साली शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी लाइपझिगमध्ये संगीतकार बाखच्या मानल्या गेलेल्या कवटीचा अभ्यास केला. १९४१ साली मिखाईल गेरासिमोव्ह यांनी समरकंदमध्ये तैमूरची कबर उघडल्यावर त्याचा चेहरा घडवला. तेव्हापासून आजपर्यंत या विद्येची मर्यादा तीच राहिली आहे. हाती येते ते साम्य. त्याला पुरावा म्हणता येत नाही.

साक्षीदाराकडून चेहरा काढून घेण्याची रीतही अशीच संयमाची आहे. भेदरलेल्या माणसाला आपण शब्द पुरवायचे नसतात. ‘मिशी होती का?’ असे विचारले की मिशी उगवते. त्याला आधी बोलू द्यायचे, त्याच्याच शब्दांत पुन्हा त्या जागी जाऊ द्यायचे, मग नाक-डोळ्यांचे नमुने समोर ठेवायचे. चित्र त्याचे असते, हात फक्त आपला असतो. अनुवादाचे काम करणाऱ्याला हे वाचताना आपल्याच धंद्याबद्दल वाचतो आहोत असे वाटते. मूळ मजकुराचे हाड जिथे काही सांगत नाही, तिथे आपली माती किती भरायची, हा आमच्याही रोजच्या कामातला प्रश्न आहे.

मराठीत पोलिसांच्या बातमीत एक ठरलेले वाक्य असते: मृतदेहाची ओळख पटली, किंवा अद्याप पटलेली नाही. हेच ‘पटणे’ आपण दुसऱ्या अर्थानेही वापरतो. एखाद्याचे म्हणणे पटते, दोन माणसांचे आपसात पटते. इंग्रजीत या तीन गोष्टींसाठी तीन निरनिराळी क्रियापदे लागतात. मराठीने त्या एका शब्दात ठेवल्या आहेत, आणि या कादंबरीचा पेच त्या शब्दातून नेमका पकडता येतो. ग्वेनचा व्यवसाय ओळख पटवण्याचा आहे. त्यात घाई चालत नाही, जे माहीत नाही ते मोकळे सोडावे लागते, शेवटचा शब्द चित्र बघणाऱ्याचा असतो. ती ज्या दालनात राहते, त्या दालनाला मात्र म्हणणे पटवायचे असते. तिथे शेवटच्या पानापर्यंत दोषी कोण, सत्य कुणाकडे, हे ठरावे लागते. पहिल्या कामाची शिस्त दुसऱ्या कामात टिकते का, हे तपासायला त्या कत्तलीच्या इतिहासाकडे जायला हवे.

सप्टेंबर १८५७मध्ये आर्कन्सॉहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या कुटुंबांचा एक तांडा दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज या कुरणात मुक्कामाला होता. त्यांच्यावर हल्ला झाला आणि काही दिवस वेढा पडला. ११ सप्टेंबरला जॉन डी. ली हा मॉर्मन पुढारी पांढऱ्या निशाणाच्या आडून त्यांच्याशी बोलायला गेला. शस्त्रे खाली ठेवा, आम्ही तुम्हाला सुखरूप बाहेर काढतो, असे आश्वासन देण्यात आले. तांड्यातल्या पुरुषांच्या शेजारी एकेक हत्यारबंद स्वयंसेवक चालू लागला. थोडे अंतर गेल्यावर हुकूम सुटला आणि प्रत्येकाने आपल्या शेजारच्या माणसाला गोळी घातली. बायका आणि मोठी मुलेही मारली गेली. सुमारे १२० माणसे मेली. साक्ष देण्याचे वय नाही असे समजून सतरा लहान मुलांना जिवंत ठेवले. ती मुले मॉर्मन घरांत वाटली गेली आणि १८५९ साली आर्कन्सॉला परत पाठवली गेली.

मारणारे कोण होते? आसपासच्या वस्त्यांतले मॉर्मन शेतकरी आणि कारागीर. ते प्रदेशाच्या स्वयंसेवक दलात होते, आणि त्यांचे अधिकारीच बहुधा गावाचे आणि धर्मसभेचे पुढारी होते. काही पायूट आदिवासीही हल्ल्यात सामील करून घेतले होते, आणि पुढे कितीतरी वर्षे सगळा दोष पायूटांवर टाकला गेला. हे शेतकरी का उठले, यालाही मागचा इतिहास आहे. १८३८ साली मिझुरीत मॉर्मनांच्या वस्तीवर हल्ला होऊन सतरा जण मारले गेले होते, आणि त्याच सुमारास मॉर्मनांना राज्यातून हुसकावण्याचा किंवा संपवण्याचा फतवा तिथल्या गव्हर्नरने काढला होता. १८४४ साली त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाकडून मारला गेला. १८५७च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्य युटाकडे निघाल्याची बातमी आली. पुन्हा आपला नाश होणार, या भीतीने माणसे पछाडली होती. सीडर सिटीच्या पुढाऱ्यांनी सॉल्ट लेक सिटीला घोडेस्वार पाठवून पंथाचे प्रमुख ब्रिगम यंग यांचे मत मागवले. तांड्याला जाऊ द्यावे, असे उत्तर आले, पण ते कत्तलीनंतर दोन दिवसांनी पोचले. छळ सोसलेल्यांनी निरपराधांचा छळ केला, हा या घटनेचा गाभा आहे. आणि तो केला रोज भेटणाऱ्या, ओळखीच्या, प्रार्थनेला नियमित जाणाऱ्या माणसांनी, बैठका घेऊन.

आता कादंबरीकडे वळू. तिच्या मलपृष्ठावरचा मजकूर बळींची संख्या १४० सांगतो आणि मारेकऱ्यांना स्वतःला ‘सूड घेणारे देवदूत’ म्हणवणारी टोळी ठरवतो. आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही. टोळीवरून आहे. माउंटन मेडोजवर गुप्त टोळी आली नव्हती. तिथे गावचे स्वयंसेवक दल आले होते. रहस्यकथेला मात्र टोळी लागते. कारण टोळी असली की खलनायक कुठेतरी लपलेला असतो, त्याला उघड करता येते, आणि तो उघड झाला की बाकीचे गाव निर्दोष सुटते. समितीला उघड कसे करणार? ती उघडच असते. इथे कवटीवर माती भरताना जो संयम होता, तो सुटला. हाड जे सांगत नव्हते, तिथे लेखिकेने ठसठशीत केस बसवले.

हे केस जुन्या साच्यातले आहेत. १८८७ साली कॉनन डॉइल यांनी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये शेरलॉक होम्सला पहिल्यांदा वाचकांसमोर आणले, आणि त्या कथेचा मधला मोठा भाग युटात घडतो. तिथेही रात्री माणसे नाहीशी करणारी मॉर्मनांची गुप्त टोळी आहे. झेन ग्रे यांच्या ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ने (१९१२) तोच मॉर्मन खलनायक घोड्यावर बसवला. म्हणजे पार्क्स यांच्या हाती १२५ वर्षांहून जुना साचा आलेला आहे. भारतीय वाचकाला तर तो आणखी ओळखीचा वाटेल, कारण आपण त्या साच्याच्या दुसऱ्या बाजूला राहिलो आहोत. फिलिप मेडोज टेलर यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ने (१८३९) इंग्रजी वाचकाला देवीच्या नावाने गळा आवळणारा गुप्त पंथ दाखवला. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’मध्ये (१८६८) इंग्लंडच्या गावात दबकत फिरणारे तीन ब्राह्मण आहेत. रस्त्यांवर खून होत होते, हे खरे. मॉर्मनांनी कत्तल केली, हेही खरे. पण खऱ्या गुन्ह्याला गुप्त धर्मपंथाचा मुखवटा चढला की एका अख्ख्या समाजाकडे संशयाने बघण्याची परवानगी वाचकाला मिळते. त्या नजरेखाली कसे वाटते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पार्क्स यांच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. त्यांचा आजचा खलनायक म्हणजे सामान्य मॉर्मन माणूस नाही. तो मूलतत्त्ववादी गट आहे, आणि मुख्य पंथापासून तो वेगळा आहे हे कथेला ठाऊक आहे. पण दुसऱ्या हाताने कथा असेही म्हणते की सत्य दडपण्याचे काम मॉर्मन चर्चच्या साऱ्या इतिहासभर चालत आले आहे. एका हाताने केलेला भेद दुसरा हात पुसून टाकतो. आणि २०१४ साली ही दुसरी गोष्ट तितकी सरळ राहिलेली नव्हती. मौन होते, आणि ते लांबलचक होते. १८५९ साली मेजर कार्लटन यांनी कुरणात विखुरलेली हाडे गोळा करून पुरली आणि दगडांची रास उभारली. खटला चालून शिक्षा झाली ती फक्त लीला. १८७७ साली त्याला त्याच कुरणात गोळ्या घातल्या. १९९९ साली नवे स्मारक बांधताना खोदकाम यंत्राने अठ्ठावीस तरी माणसांचे अवशेष वर काढले. शॅनन नोव्हॅक आणि इतर अभ्यासकांना ते तपासायला जेमतेम महिना मिळाला, आणि ते घाईने पुन्हा पुरले गेले. एवढ्या अवधीतही जुन्या कबुलीजबाबांशी न जुळणाऱ्या गोष्टी हाडांनी सांगितल्या. म्हणजे पार्क्स यांची मूळ कल्पना, कवट्यांवर सत्य लिहिलेले असणे, हवेतली नव्हे. पण त्यानंतर २००७ साली, दीडशेव्या स्मृतिदिनी, चर्चने त्या जागी जाऊन खेद व्यक्त केला. २००८ साली मॉर्मन इतिहासकारांनीच चर्चच्या दप्तरखान्यातले कागद वापरून लिहिलेला मोठा ग्रंथ ऑक्सफर्डने छापला. दडपण्याच्या इतिहासाइतकाच कबुलीचाही इतिहास आहे. पहिल्यात रहस्य आहे. दुसऱ्यात ते नाही, म्हणून रहस्यकथा तिकडे वळत नाही.

इथे ‘ख्रिश्चन’ या पाटीकडे पुन्हा बघावे लागते. मॉर्मन स्वतःला ख्रिस्ती मानतात. इव्हँजेलिकल समाजातले बहुसंख्य लोक त्यांना तसे मानत नाहीत. दुरून बघणाऱ्या भारतीय वाचकाला ही दोन घरे एकच वाटतील, पण पुस्तकाच्या पाठीवरचा तो शब्द ही सीमा आखूनच बसला आहे. कुठलाही प्रचार न करता, निव्वळ खलनायक कोणत्या घरातून आला यावरून, कादंबरी ती सीमा पक्की करते. ग्वेनची श्रद्धा कथेत बेताने येते, प्रवचने कमी आहेत, हे लेखिकेचे कौशल्य आहे. पण प्रवचन पात्राच्या तोंडीच असावे लागते असे नाही. कथानकाची मांडणीही प्रवचन करते.

फॉरेन्सिक आर्टच्या इतिहासातले एक गाजलेले प्रकरण इथे आठवते. नोव्हेंबर १९७१मध्ये न्यू जर्सीत जॉन लिस्ट नावाच्या हिशेबनिसाने आई, बायको आणि तीन मुले यांचा खून केला, आपल्या पाळकाला पत्र लिहून ठेवले आणि तो नाहीसा झाला. लिस्ट नेमाने देवळात जाणारा लुथरन होता, रविवारच्या शाळेत शिकवत असे. घरच्यांची श्रद्धा सुटत चालली आहे, त्यांचा आत्मा तरी वाचावा, असा त्याच्या पत्राचा सूर होता. अठरा वर्षांनी फ्रँक बेंडर या शिल्पकाराने जुन्या छायाचित्रांवरून म्हातारा झालेला लिस्ट घडवला आणि त्याच्या स्वभावाचा विचार करून त्याला जाड कडांचा चष्मा घातला. १९८९ साली तो पुतळा दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, एका जुन्या शेजाऱ्याने ओळखला आणि लिस्ट व्हर्जिनियात पकडला गेला. तिथेही तो नवे नाव घेऊन, नवे लग्न करून, देवळात जाऊन राहत होता. ज्या कलेवर पार्क्स यांची कादंबरी उभी आहे, तिच्या एका मोठ्या यशात सापडलेला चेहरा असा आपल्याच बाकावर बसणाऱ्या माणसाचा होता. कलावंताच्या मातीला समोरची कवटी कुठल्या देवळातली, हे ठाऊक नसते. कादंबरीच्या मातीला ते आधीच ठाऊक होते, आणि तिथे तिचा हात अडला.

तर मग एका धर्माच्या लेखकाने दुसऱ्या धर्माच्या पापाबद्दल कादंबरी लिहूच नये का? मराठीत हा प्रश्न विचारणे जरा चमत्कारिक आहे. मराठी कादंबरीची सुरुवात ज्या पुस्तकापासून सांगितली जाते, ते बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ नेमके हेच करते. योगायोग असा की तेही १८५७ सालचेच. ख्रिस्ती झालेल्या लेखकाने हिंदू विधवांच्या हालांबद्दल लिहिलेली ही गोष्ट. यमुना नवऱ्यासोबत प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते, वाटेत स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती धर्म घेऊन पुन्हा लग्न करते. शेवट उघडउघड पटवण्यासाठी लिहिलेला आहे, आणि आजचा वाचक तिथे थबकतो. तरी त्या विधवा अजून लक्षात राहतात. याचे कारण मला असे दिसते की पदमनजी १८५४ साली बाप्तिस्मा घेईपर्यंत त्याच घरात वाढले होते. त्या स्वयंपाकघरातले हाल त्यांना माहीत होते, त्या बायकांची बोली त्यांच्या कानात होती. आणि त्यांचा खलनायक गुप्त नव्हता. तो रूढी होता, म्हणजे सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या संमतीने चालणारी गोष्ट. मराठीतल्या पहिल्या ख्रिस्ती कादंबरीकाराला टोळीची गरज पडली नाही.

दुसरे उदाहरण खुद्द युटाच्या मुलखातले. माउंटन मेडोजचा पहिला भरवशाचा इतिहास १९५० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने छापला. लेखिका हुआनिता ब्रूक्स त्याच दक्षिण युटात राहणाऱ्या, श्रद्धावान मॉर्मन होत्या. त्यांच्या आजोबांचे नावही त्या घटनेशी जोडलेले होते. वरिष्ठांची नाराजी पत्करून, काही कागद बघायला मिळाले नाहीत तरी, त्यांनी सगळे लिहिले, आणि पंथ सोडला नाही. त्यांच्या ग्रंथात राक्षस नाहीत. भीती आहे, आज्ञापालन आहे, आणि आपल्याच माणसांनी हे केले असे म्हणणारा एक शांत आवाज आहे. तो वाचताना पार्क्स यांच्या कुठल्याही पाठलागाच्या प्रकरणापेक्षा जास्त थरकाप होतो. घरातल्या माणसानेच लिहावे, असा याचा अर्थ नाही. बाहेरच्याने लिहायला हरकत नाही. मात्र बाहेरून लिहिणाऱ्याने त्या घरातल्या जिवंत माणसांनाही तेवढाच चेहरा दिला पाहिजे, जेवढा तो मेलेल्यांना देतो आहे.

शीर्षकाबद्दल बोलायचे तर ते पुस्तकापेक्षा शहाणे आहे. धुळीतून येणारा आवाज ही प्रतिमा यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे, आणि हाबेलचे रक्त जमिनीतून देवाला हाक मारते ही कल्पना उत्पत्तीच्या पुस्तकात. पण धुळीतून ओरडणाऱ्या, नाहीशा झालेल्या लोकांची हाक ही मॉर्मनांच्या धर्मग्रंथातलीही पुनःपुन्हा येणारी प्रतिमा आहे. म्हणजे कथानकाने जी दोन घरे वेगळी केली, ती शीर्षकाच्या एका ओळीखाली एकत्र उभी आहेत. मराठीत ‘डस्ट’चे काय करायचे? ‘धूळ’ कोशाप्रमाणे बरोबर आहे, पण मी ‘माती’ घेईन. आपण अंत्यविधीला जातो तेव्हा ‘मातीला जातो’. माणूस मातीतून घडतो आणि मातीत जातो, हे सगळे धर्म सांगतात. आणि ग्वेनच्या बोटांना लागलेली असते ती मातीच. ‘मातीची हाक’ या नावात कबर, निर्मिती आणि कलावंताचे काम, तिन्ही येतात. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द लागले असते.

ही कादंबरी वाचावी का? जरूर वाचावी. हात काम करताना डोके कसे चालते, हे इतक्या जाणतेपणाने सांगणाऱ्या रहस्यकथा थोड्या आहेत, आणि आजारातून उठलेल्या, पैशांच्या चिंतेत असलेल्या, तरीही कामात चोख असलेल्या चाळिशीतल्या बाईला नायिका करणाऱ्या त्याहूनही थोड्या. फक्त तिच्या शेजारी ब्रूक्स यांचे पुस्तक ठेवावे. आपल्या देशात आज धर्माच्या नावाने झालेल्या जुन्या कत्तली जवळपास प्रत्येक भाषेत कथा-कादंबऱ्यांचा विषय होत आहेत, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी एका बाजूच्या मृतांना चेहरा देताना दुसऱ्या बाजूच्या जिवंतांचा चेहरा पुसला जातो. अशा वेळी ग्वेनने आपल्या कार्यशाळेत पाळलेला नियम कामाला येतो. हाड जेवढे सांगते तेवढीच माती भरायची, आणि ओळख पटवण्याचे काम बघणाऱ्यावर सोडायचे.